फेलिक्स चालला माँपेलिएला

परदेशी शिकायला गेलेल्या पोरांचे पहिल्या तीन महिन्यांतले किस्से सगळीकडे सारखेच असतात. हरवलेली बॅग, फोडणीच्या धुराने वाजलेला फायर अलार्म, चार जणांनी वर्गणी काढून घेतलेली खटारा गाडी आणि तिचा भलत्याच ठिकाणी झालेला पंक्चर. कॉलेजं तिकडे ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतात, म्हणून हे बहुतेक किस्से पानगळीतले. मीही माझे किस्से निदान पन्नास वेळा सांगितले असतील, आणि खरं सांगायचं तर दर वेळी त्यात थोडा मसाला वाढवला आहे.

म्हणूनच साडेचारशे वर्षांपूर्वीच्या एका पोराने आपले असेच किस्से लिहून ठेवलेत हे कळल्यावर मी ते अधाशासारखे वाचले. पोराचं नाव फेलिक्स प्लाटर. गाव स्वित्झर्लंडमधलं बाझल. शिकायला गेला फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, समुद्राजवळच्या माँपेलिए गावी. विषय वैद्यक. साल १५५२. वय वर्षं सोळा, तेही रस्त्यात पूर्ण झालेलं.

पण फेलिक्सच्या आधी त्याच्या बापाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण बाप भन्नाट आहे.

थॉमस प्लाटर हा आल्प्सच्या डोंगरात शेळ्या राखणारा पोर. त्या काळी गरीब मुलांनी शिकायची एक पद्धत होती: एखाद्या मोठ्या विद्यार्थ्याच्या मागे गावोगाव फिरायचं. लहान पोराने दारोदार भीक मागून आणायची, मोठ्याने ती खायची, आणि बदल्यात लहानाला शिकवायचं. यातलं शेवटचं कलम बहुधा पाळलं जात नसे. आपल्याकडे पुण्यात माधुकरी मागून किंवा वार लावून शिकलेल्यांच्या कथा आपण ऐकतो. निदान तिथे मागितलेलं अन्न स्वतःच्या पोटात तरी जायचं! थॉमस अशी वर्षानुवर्षं जर्मनीभर भटकला आणि अठराव्या वर्षाच्या आसपास, नीट लिहिता-वाचताही येत नाही अशा अवस्थेत, एका शाळेत चिल्ल्यापिल्ल्यांच्या रांगेत जाऊन बसला. पुढे दोर वळायचं काम करता करता लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू शिकला. मग छापखाना काढला. १५३६ साली काल्व्हिनच्या सुप्रसिद्ध धर्मग्रंथाची पहिली आवृत्ती छापणाऱ्या भागीदारांत हा शेळ्या राखणारा होता. शेवटी बाझलच्या शाळेचा मुख्याध्यापक झाला.

अशा बापाचं एकच स्वप्न असणार, आणि ते काय असणार हे मराठी वाचकाला सांगायची गरज नाही. पोरगा डॉक्टर झाला पाहिजे!

तर १० ऑक्टोबर १५५२ रोजी पोरगा निघाला. बाझलमध्ये तेव्हा प्लेग होता. आदल्या वर्षीच फेलिक्सची बहीण त्यात गेली होती. बापाने एक तट्टू घेऊन दिलं, कपड्यांत थोडे पैसे शिवून दिले, आणि सोबतीला एक ओळखीचे मास्तर व एक पॅरिसचा माणूस गाठून दिला. या यात्रेला एकूण २० दिवस लागले. आणि काय दिवस होते!

पहिल्याच टप्प्यात लोझानच्या अलीकडच्या डोंगरात मंडळी रस्ता चुकली. पाऊस, धुकं, त्यात संध्याकाळ झालेली. कशीबशी एक खानावळ सापडली. आत गेले तर तिथे काही दांडगट शेतकरी-भिकारी छाप लोक दारू पीत बसलेले. जेवायला भाजलेले चेस्टनट आणि काळा पाव. ती माणसं या तिघांच्या सामानाकडे आणि घोड्यांकडे ज्या नजरेने बघत होती ती काही चांगली नव्हती. तिघे आपल्या खोलीत गेले, पलंग सरकवून दाराला लावला, तलवारी उपसून शेजारी ठेवल्या आणि रात्रभर डोळ्याला डोळा न लावता बसले. पहाटे, खालची मंडळी पिऊन आडवी झालेली असताना, गुपचूप घोडे काढून पसार झाले. लोझानला पोचल्यावर कळलं की त्या रानात खरंच दरोडेखोरांची टोळी होती आणि तिच्या नावावर खूनही होते.

पुढे जिनिव्हा. तिथे फेलिक्स चक्क काल्व्हिनला भेटला. बापाने चिठ्ठी दिली होती. छापखान्याची जुनी ओळख. काल्व्हिनने त्याला माँपेलिएपर्यंत सोबत म्हणून तिथलाच एक शस्त्रवैद्य गाठून दिला. रविवारी काल्व्हिनचं प्रवचन ऐकायलाही पोरगा गेला. अर्ध्या युरोपला हलवून सोडणारं ते वक्तृत्व, आणि आपल्या फेलिक्सला फ्रेंचचा एक शब्द कळत नव्हता! वर जिनिव्हात लांब केस चालत नाहीत म्हणून त्याने केस कापून घेतले आणि सर्दीने बेजार झाला. मला हा सर्दीचा तपशील फार आवडतो. समोर इतिहास घडत असतो, आणि आपण नाक पुसत उभे असतो.

मग ल्यों आणि तिथून रोन नदीच्या काठाने खाली दक्षिणेला. हवा बदलते, झाडं बदलतात, भाषा तर कधीच बदललेली. आविन्यों गावी त्याला सोबत्यांपासून वेगळं, एकट्याने एका खानावळीत राहावं लागलं. गाव पोपच्या मालकीचं, पोरगा प्रोटेस्टंट. खानावळीत ढगळ विजारी घातलेले नदीवरचे नावाडी. भाषा येत नाही, ओळखीचं कोणी नाही. रात्र कशीबशी काढली. सकाळी त्याला घरची इतकी आठवण आली की तो तबेल्यात गेला, आपल्या तट्टाच्या गळ्यात हात टाकले आणि हमसून हमसून रडला. तट्टूही बिचारं खिंकाळलं. घोडा विकून टाकावा आणि सरळ परत फिरावं, इथपर्यंत विचार गेला. शेवटी एका चर्चमध्ये जाऊन बसला, तिथे ऑर्गन वाजत होता. फेलिक्सला संगीताचं लहानपणापासून वेड. ते ऐकून जरा जीव शांत झाला.

हे वाचताना मी थांबलो. माझ्या फायर अलार्मच्या किश्श्यात मी एक गोष्ट कायम गाळतो. त्या संध्याकाळी मी कॉलिंग कार्डावरून घरी फोन केला होता, आणि आई जेवणाबद्दल विचारत असताना "सगळं मस्त आहे" एवढं म्हणून घाईने ठेवला होता, कारण आणखी एक वाक्य बोललो असतो तर आवाज फुटला असता. मग काहीतरी ओळखीचं खावं म्हणून फोडणी घातली. अलार्म त्यानंतरचा. किस्सा सांगताना आम्ही अलार्मपासून सुरुवात करतो. फेलिक्स तबेल्यापासून करतो. त्याचं लिखाण मला इतकं जवळचं का वाटलं याचं उत्तर बहुधा इथेच आहे. त्याने गंमत सांगितली, पण तिच्या शेजारची भीती खोडून टाकली नाही.

आणि भीतीला कारण होतं. ज्या ल्यों शहरातून फेलिक्स ऑक्टोबरात गेला, तिथल्या तुरुंगात त्या वेळी पाच विद्यार्थी बसले होते. फ्रेंच पोरं, लोझानला प्रोटेस्टंट धर्मशास्त्र शिकून घरी परतत होती, आणि १ मे १५५२ ला ल्योंमध्ये पकडली गेली. १६ मे १५५३ रोजी त्या पाचही जणांना तिथेच जाळण्यात आलं. म्हणजे परधर्माच्या देशात शिकायला जाणं हा तेव्हा निव्वळ व्हिसाचा प्रश्न नव्हता.

३० ऑक्टोबरला, रविवारी, फेलिक्स माँपेलिएला पोचला. गावात शिरतो तर काय, समोरून मिरवणूक! पांढरे अंगरखे घातलेले नागरिक, वाद्यं, निशाणं, हातात चांदीची भांडी आणि त्यात साखरेची मिठाई. रस्त्यातल्या सुंदर मुलींना ती वाटत चाललेले. तीन आठवडे धुकं, दरोडेखोर आणि सर्दी सोसलेल्या पोराला वाटलं, चला, गाव तर बरं दिसतंय.

आता हा राहणार कुठे आणि पैसे कोण देणार? इथे त्या काळची एक सुंदर व्यवस्था दिसते. मुलांची अदलाबदल! तुझा मुलगा माझ्या घरी राहील, माझा तुझ्या घरी. जेवणखाण, देखरेख सगळं फिटंफाट. शाळामास्तराच्या पगारात मुलाला चार-पाच वर्षं परदेशी ठेवणं शक्यच नव्हतं. माँपेलिएमध्ये लोरां कातलान नावाचा औषधविक्रेता होता. फेलिक्स त्याच्याकडे राहिला, आणि कातलानचा मुलगा पुढे बाझलला प्लाटरांच्या घरी राहायला गेला. हे गणित जुळेपर्यंत थॉमसच्या जिवाला घोर होता. बाप भीक मागून शिकला आणि मुलगा अदलाबदलीत. पण पैसे दोघांकडेही नव्हते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

कातलानचं घर म्हणजे एक वेगळीच कथा. हा माणूस मारानो, म्हणजे स्पेनकडून आलेल्या, बळजबरीने ख्रिस्ती झालेल्या ज्यूंच्या घराण्यातला. बाहेरून कॅथलिक. पण घरात डुकराचं मांस शिजत नसे. ताटात मटण, कोबीचं सूप, रात्री सॅलड, आणि पाणी घातलेली तांबडी वाईन. फेलिक्सला हे जेवण जरा बेताचंच वाटायचं. थंडीत शेगडीला रोझमेरीच्या काटक्या. आपण पिझ्झ्यावर चिमूटभर टाकतो ती रोझमेरी तिकडे सरपण म्हणून जळायची! फेलिक्सला वर माळ्यालगत अभ्यासाची खोली मिळाली, तिथल्या गच्चीवरून लांबवर समुद्र दिसे. कातलानशी बोलणं लॅटिनमध्ये, कारण दोघांना जमणारी ती एकच भाषा.

विचार करा, एका टेबलाभोवती बसलेली ही मंडळी. यजमान गुपचूप ज्यू रिवाज पाळणारा. पाहुणा गुपचूप प्रोटेस्टंट. बाहेर राज्य कॅथलिक राजाचं. दोघांनाही एकमेकांबद्दल माहीत आहे आणि दोघेही काही बोलत नाहीत. सूप पुढे करतात.

आता अंड्यांची गोष्ट. ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपास हा कॅथलिकांचा. त्यात मांस नाही, अंडी नाहीत, आणि नियम मोडणाऱ्याला जबर शिक्षा. प्रोटेस्टंट पोरांना हे कसं मानवणार? फेलिक्सने आपल्या खोलीत एक युक्ती शोधली. भांडं वापरलं तर पकडले जाऊ, म्हणून निखाऱ्यावर कागद धरायचा, त्यावर लोणी वितळवायचं आणि त्यात अंडं तळायचं. (कागद जळत नाही, कारण लोणी आणि अंडं त्याची उष्णता खेचून घेतात. करून बघायचं असेल तर फायर अलार्मपासून लांब करा, एवढंच सांगतो.) टरफलं खोलीतच एका जागी लपवायची. सगळा उपासकाळ हा उद्योग चालला. मग एके दिवशी मोलकरणीला टरफलांचा ढीग सापडला आणि तिने तो मालकिणीपुढे नेला. बाई भयंकर संतापल्या, पण गोष्ट घराबाहेर गेली नाही. जाऊन परवडणारी नव्हतीच. ज्या घरात डुक्कर शिजत नाही, त्या घराने शेजाऱ्याच्या अंड्यांची चौकशी सुरू करायची म्हणजे कठीण काम.

हॉस्टेलमध्ये हीटरवर लपूनछपून ऑम्लेट केलेल्या प्रत्येकाने फेलिक्सला इथे मनातल्या मनात टाळी द्यावी. फरक इतकाच, की आपल्याला रेक्टरची भीती होती. त्याच माँपेलिएमध्ये जानेवारी १५५४ मध्ये प्रोटेस्टंट झालेल्या एका माजी पाद्र्याला जाळलं, आणि फेलिक्स तिथे हजर होता. त्याने ते लिहिलंय, तेही तपशिलात. अंडी आणि ही चिता दोन्ही त्याच्या वहीत आहेत.

बाकी दिवस मजेत चालले होते. गावात जर्मन बोलणाऱ्या विद्यार्थ्यांचा मोठा कंपू होता, आणि फेलिक्स त्यातला ल्यूट वाजवणारा. ल्यूट म्हणजे आपल्या सतारीसारखं तारवाद्य, पण आखूड मानेचं आणि फुगीर पोटाचं. रात्री कोणा मुलीच्या घराखाली जाऊन वाजवायची पद्धत होती, त्याला फेलिक्स लागायचाच. जर्मन ल्यूटवाला म्हणून गावात ओळख झाली. समुद्रावर सहली व्हायच्या, तिथून शिंपले गोळा करून आणायचे. घरी पार्सलं जायची: शिंपले, अंजिरं, डाळिंबं. बापाची लॅटिन पत्रं यायची. त्यांत उपदेश, आणि एक सूचक उल्लेख: बाझलमध्ये डॉक्टर फार झालेत, तेव्हा नुसतं पास होऊन भागणार नाही, आणि शस्त्रवैद्य येकेलमान यांची मुलगी माडलेन अजून बिनलग्नाची आहे. बाप कोणत्याही शतकातला असो, पत्रातले विषय दोनच.

आता मुख्य किस्सा.

माँपेलिएचं विद्यापीठ वैद्यकासाठी जुनं आणि नावाजलेलं. वर्ष सुरू व्हायचं १८ ऑक्टोबरला, संत ल्यूकच्या दिवशी, कारण ल्यूक हा वैद्यांचा संत. पानगळीत वर्ष सुरू होण्याचा एक फायदा म्हणजे शवविच्छेदन. बर्फ नाही, फॉर्मेलिन नाही, तेव्हा थंडीचे चार महिने हाच काय तो शरीर उघडून बघण्याचा मोसम. शिकवायला गियोम रोंदले यांच्यासारखा माणूस. हे गृहस्थ शरीररचनेचे इतके वेडे, की स्वतःचं मूल वारल्यावर त्यांनी त्याचंही विच्छेदन केलं. माशांवरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ १५५४-५५ मध्ये छापून आला. वाळवलेली झाडं कागदावर चिकटवून संग्रह करायची युक्तीही फेलिक्स माँपेलिएमध्येच शिकला.

पण प्रेतं मिळायची कुठून? फाशी गेलेला एखादा गुन्हेगार, दवाखान्यात मेलेला एखादा बेवारशी, वर्षाकाठी मोजकीच. त्यांच्याभोवती शंभर डोकी जमणार, आणि मागच्या बाकावरच्याला दिसणार काय? मग विद्यार्थ्यांनी आपली सोय आपण करायची ठरवली.

११ डिसेंबर १५५४. गालोतुस नावाचा एक सीनियर विद्यार्थी या मोहिमेचा म्होरक्या. अंधार पडल्यावर मंडळी गावाबाहेरच्या एका मठात जमली. तिथला एक धीट साधू त्यांना सामील! मध्यरात्रीपर्यंत खाणंपिणं झालं. मग तलवारी घेऊन, एक शब्द न बोलता, जवळच्या सेंट डेनिसच्या कबरस्तानात. त्याच दिवशी कोणाला तरी पुरलेलं, त्यामुळे माती भुसभुशीत होती. हातांनीच उकरली. प्रेताला दोर बांधून वर ओढलं, कपड्यात गुंडाळलं आणि दोन काठ्यांवर घालून वेशीपर्यंत आणलं. पहाटेचे तीन वाजलेले. वेस बंद.

आता? एकाने दिंडी दरवाजा ठोठावला. म्हातारा द्वारपाल नुसत्या सदऱ्यावर उठून आला. पोरं म्हणाली, आजोबा, तहानेने जीव चाललाय, घोटभर काही प्यायला द्या. म्हातारा भला, आत गेला वाईन आणायला. तेवढ्यात तिघांनी प्रेत आत घेतलं आणि वेशीजवळच असलेल्या गालोतुसच्या घरात नेऊन टाकलं. म्हातारा वाईन घेऊन आला, उरलेल्यांनी ती पिऊन त्याचे आभार मानले. त्याला शेवटपर्यंत काही कळलं नाही.

पाचच दिवसांनी दुसरी फेरी. या वेळी एका विद्यार्थ्याचं आणि एका लहान मुलाचं प्रेत. द्वारपालाला दुसऱ्यांदा तहानेची गोष्ट कशी सांगणार? म्हणून वेशीच्या दाराखालच्या भोकातून सरपटत आत जायचं आणि मग प्रेतं ओढून घ्यायची. अशा फेऱ्या आणखीही झाल्या. शेवटी मठातल्या साधूंच्या लक्षात आलं आणि ते रात्री कबरस्तानावर पहारा करू लागले. नंतर गेलेल्या पोरांचं स्वागत त्यांनी बाण सोडून केलं.

मी हा किस्सा मित्रांना सांगतो तेव्हा वाईन आणायला गेलेल्या म्हाताऱ्यापाशी सगळे खो खो हसतात. मीही हसतो. पण दुसऱ्या फेरीतलं ते लहान मूल माझ्या डोक्यातून जात नाही. त्याला सकाळी कोणीतरी पुरलं असेल, त्यावर कोणीतरी रडलं असेल. आणि तो विद्यार्थी? तोही कोणाचा तरी फेलिक्सच. घरचे लोक दूर, पत्राची वाट बघत. ही चोरी होती, आणि ज्यांची चोरी झाली ते तक्रार करू शकत नव्हते. पुढच्या तीन शतकांत युरोपातल्या वैद्यकशाळांनी हेच केलं, मोठ्या प्रमाणावर, आणि बहुतेक वेळा गरिबांच्याच कबरी उकरून. फेलिक्सला हे कळत होतं का? त्याने कुठे पश्चात्ताप लिहिलेला नाही. पण लपवलंही नाही. पुरलेलं मूल होतं हे त्यानेच आपल्याला सांगितलं. नुसती बढाईच मारायची असती तर ते गाळणं किती सोपं होतं.

त्या थंडीत शिकलेलं वाया गेलं नाही एवढं मात्र खरं. फेलिक्स फेब्रुवारी १५५७ मध्ये माँपेलिएहून निघाला, पॅरिसमार्गे मे महिन्यात घरी पोचला, सप्टेंबरात डॉक्टर झाला आणि नोव्हेंबरात माडलेनशी लग्न केलं. (बाप जिंकला.) १५५९ मध्ये त्याने बाझलमध्ये शवविच्छेदन केलं, या वेळी उघड उघड, शहराच्या परवानगीने. आयुष्यभरात ३०० हून अधिक शरीरं तपासल्याचं त्याने म्हटलंय. डोळ्यात प्रतिमेची जाणीव भिंगाला नव्हे तर मागच्या पडद्याला होते, हे त्याने १५८३ च्या ग्रंथात मांडलं, आणि केप्लरने १६०४ मध्ये प्रकाशशास्त्रावर लिहिताना त्याचा आधार घेतला. १६१०-११ च्या प्लेगमध्ये म्हातारपणी तो बाझलमधल्या घराघराची नोंद करत राहिला: किती आजारी पडले, किती गेले, किती वाचले. ज्या शहरात प्लेगने त्याची बहीण नेली, त्याच शहरात. त्याचा वाळवलेल्या झाडांचा संग्रह १५८० मध्ये फ्रेंच लेखक मोंतेनने बाझलला थांबून मुद्दाम पाहिला होता. त्यातला बराच भाग आजही बर्नमध्ये जपून ठेवलेला आहे.

आता शेवटची गंमत. म्हाताऱ्या थॉमसची पहिली बायको वारली. त्याने पुन्हा लग्न केलं आणि उतारवयात त्याला आणखी सहा मुलं झाली. त्यातल्या एकाचं नाव पुन्हा थॉमस, जन्म १५७४. म्हणजे फेलिक्सचा सावत्र भाऊ त्याच्याहून ३८ वर्षांनी लहान! १५८२ मध्ये बाप गेला. फेलिक्स आणि माडलेनला मूल नव्हतं. त्यांनी या धाकट्या थॉमसला वाढवलं. आणि तो मोठा झाल्यावर, १५९५ च्या पानगळीत, फेलिक्सने त्याला वैद्यक शिकायला पाठवलं. कुठे, ते ओळखलंच असेल. माँपेलिएला.

धाकट्यानेही वही ठेवली, बहुधा दादाच्या सांगण्यावरून. शिक्षण झाल्यावर फिरत फिरत तो लंडनला पोचला. २१ सप्टेंबर १५९९ रोजी दुपारी जेवून, दोनच्या सुमारास, सोबत्यांबरोबर थेम्स नदी ओलांडून एक नाटक बघायला गेला. गवताने शाकारलेलं नाट्यगृह, ज्युलियस सीझरवरचं शोकनाट्य, साधारण पंधरा पात्रं, आणि शेवटी नटांनी केलेला नाच. दोघे पुरुषवेशात, दोघे बायकांच्या. तो आवडल्याचं त्याने लिहून ठेवलं. लेखकाचं नाव लिहायचं काही त्याला सुचलं नाही. शेक्सपिअरच्या त्या नाटकाच्या प्रयोगाची ही सगळ्यात जुनी नोंद समजली जाते. काल्व्हिनसमोर नाक पुसणाऱ्या घराण्याची परंपरा त्याने चालू ठेवली, असंच म्हणायचं.

फेलिक्सने आपलं आत्मचरित्र १६१२ मध्ये लिहून काढलं, जुन्या टिपणांवरून. वय पंचाहत्तरीच्या पुढे. माडलेन म्हातारी झालेली, बाप जाऊन तीस वर्षं झालेली. तोवर तो शहराचा मुख्य वैद्य, प्राध्यापक, श्रीमंत, मानमरातब असलेला माणूस होता. तबेल्यात घोड्याच्या गळ्यात पडून रडल्याची गोष्ट त्याला सहज गाळता आली असती. विचारणारं कोणी नव्हतं, साक्षीदार फक्त घोडा, आणि तो कधीच गेलेला. त्याने ती ठेवली.

पुढच्या वेळी फायर अलार्मचा किस्सा सांगताना मीही फोनपासून सुरुवात करून बघणार आहे. बघू जमतंय का.